मुगाचा थेंब का हलला नाही?

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मोड आलेल्या मुगाच्या नळीतला रंगीत थेंब अर्धा तास जागचा हलला नाही, म्हणून ‘श्वसन आढळले नाही’ असं तू वहीत लिहिलंस. वाचन खोडू नकोस, निष्कर्ष खोड. त्या नळीत श्वसन जोरात चालू होतं.

मुगात साठा मुख्यतः पिष्टाचा. पिष्टापासून झालेला ग्लुकोजचा एक रेणू जळताना ऑक्सिजनचे 6 रेणू घेतो आणि कार्बन डायऑक्साइडचे 6 सोडतो. जितका वायू घेतला तितकाच सोडला, मग थेंब सरकणार कशाने? सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, आणि तुझ्या मांडणीत तेच नव्हतं.

आता अशी मांड. 50 मिलीच्या दोन मोठ्या परीक्षानळ्या घे. एकीच्या तळाशी कापसावर 15 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं 1 मिली द्रावण, दुसरीत कापसावर तेवढंच पाणी. हे द्रावण कातडी आणि डोळे जाळतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यावर कोरड्या कापसाचा थर दे, नाहीतर द्रावण लागून मोड मरतात. वर दोन्हींत सारख्या वजनाचे मूग, साधारण तीस दाणे. रबरी बुचातून काटकोनात वाकवलेली काचनळी काढ आणि तिला 1 मिलीचा पिपेट (खुणा केलेली बारीक मोजनळी) रबरी नळीच्या तुकड्याने आडवा जोड; रंगीत पाण्याचा थेंब याच पिपेटात असेल. उभा ठेवलास तर पाण्याच्या वजनाने वाचन बिघडतं.

तशाच तिसऱ्या नळीत बियांच्या आकारमानाइतके काचेचे मणी ठेव. उकडलेले मूग नकोत, त्यांच्यावर बुरशी आणि जीवाणू वाढतात आणि तेही श्वसन करतात. ही नळी हवी तापमानासाठी: 1 अंश फरकाने 50 मिली हवा सुमारे 0.17 मिलीने फुगते किंवा आकसते, तुझ्या मोजमापाच्या मानाने हे फार झालं. म्हणून सगळ्या नळ्या बादलीभर पाण्यात उभ्या कर, दहा मिनिटं थांब, मग दर 5 मिनिटांनी वाच आणि मण्यांच्या नळीतला बदल वजा कर. नळीला हात लावू नकोस.

गळती तपासायची तर रबरी जोड हलकेच दाब. थेंब बाहेर सरकून पूर्वीच्याच खुणेवर परतला पाहिजे. परतला नाही तर बुचाला व्हॅसलिन लाव.

खरी गंमत यानंतर आहे. हेच मोड आलेल्या कच्च्या शेंगदाण्यांवर कर. त्यांच्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. तेलाच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन फार थोडा, त्यामुळे बाहेरून जास्त घ्यावा लागतो: ट्रायओलीन या तेलातल्या एका घटकाच्या एका रेणूला 80 ऑक्सिजन लागतात, सुटतात 57 कार्बन डायऑक्साइड. म्हणून इथे साध्या पाण्याच्या नळीतही थेंब आत जाईल. समज, तो 0.12 मिली आत गेला आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या नळीत 0.40 मिली. सुटलेला वायू 0.28, घेतलेला 0.40, श्वसन गुणांक, म्हणजे सुटलेला वायू भागिले घेतलेला, 0.7. उगवताना तेलाची साखर करण्यातही ऑक्सिजन खर्च होतो, तेव्हा आकडा याहून खाली आला तर घाबरू नकोस.

आणि पाण्याच्या नळीत मुगाचा थेंब बाहेर सरकला तर? बियांना ऑक्सिजन कमी पडतोय. भिजून साल न फुटलेल्या किंवा पाण्यात बुडालेल्या दाण्यांत किण्वन सुरू होतं, ऑक्सिजन न घेता वायू सुटतो. मूग आठ-दहा तासच भिजव, मग पाणी निथळून फडक्यात बांध आणि मोड दिसल्यावरच वापर.

पुढच्या पत्रात वाचनं चिन्हांसह पाठव: थेंब आत गेला तर अधिक, बाहेर गेला तर उणे. पाण्याचं तापमानही लिही.