शेतकरी आत्महत्येवर कादंबरी लिहायची आहे, पण रडारड नको. कशी लिहू?

मी नागपूरचा, माझीपण एक तीन वर्षं अडकून होती म्हणून सांगतो. मरणाचा सीन डायरेक्ट लिहूच नका ना राजा, तो पेपरात येतेच. नंतरचं लिहा. २००६ च्या जीआरप्रमाणे मदत १ लाखाची, त्यात ३० हजार हातात अन् ७० हजार डिपॉझिट, अन् त्याच्याआधी केस ‘पात्र’ का ‘अपात्र’ ते ठरते, म्हणजे बाई नवऱ्याच्या कर्जाचे कागद कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीत घेऊन तहसीलला बसली आहे अन् बाजूचा विचारतो, जेवली का बाई? बस, एवढंच, तिला रडवू नका. अन् तिला पुण्याच्या मराठीत बोलायला लावू नका, माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये तीच बोंब होती, बायकोनं दोन पानं वाचून हसत परत दिला.