क्रॉनमध्ये ‘रोज सकाळी ६ वाजता’ कसं लिहायचं? माझी स्क्रिप्ट साठ वेळा का चालते?

तुम्ही सांगताय की कापूस-सोयाबीनचे भाव गावच्या ग्रुपवर टाकणाऱ्या स्क्रिप्टसाठी ‘* ६ * * *’ लिहिलं, तर एका तासात ६० मेसेज गेले. आणि पहाटे लाइन गेली त्या दिवशी एकही गेला नाही. भाऊ, दोन्हींचं कारण एकच आहे.

क्रॉन म्हणजे लिनक्समध्ये ठरलेल्या वेळी काम चालवणारा प्रोग्राम. तो दर मिनिटाला घड्याळ बघतो आणि तुमच्या पाच रकान्यांशी ताडतो: मिनिट (०-५९), तास (०-२३), तारीख (१-३१), महिना (१-१२), वार (०-७, ० आणि ७ दोन्ही रविवार). जुळलं तर काम चालवतो, नाही तर सोडून देतो. तारा (*) म्हणजे काहीही चालेल. मिनिटाच्या जागी तारा असल्यामुळे ६:०० ते ६:५९ सगळी मिनिटं जुळली.

मिनिटाच्या जागी ० लिहा, म्हणजे रोज सकाळी ६ ला एकदाच चालेल: ० ६ * * *. रविवार वगळून हवं असेल तर: ० ६ * * १-६. टाइप करताना अंक इंग्रजीच ठेवा, मराठी अंक क्रॉनला कळत नाहीत.

मिनिटाच्या जागी ‘*/३०’ म्हणजे दर ३० मिनिटांनी. ‘*/३० १०-१७ * * *’ संध्याकाळी ५:३० लाही चालतं, कारण १७ वा तास पूर्ण धरला जातो. ‘*/७’ टाळा. मोजणी दर तासाला ० पासून सुरू होते, त्यामुळे ५६ नंतर चारच मिनिटांत पुढची फेरी येते.

सगळ्यात जास्त फसवते ती तारीख आणि वाराची जोडी. ‘० ६ १-७ * १’ म्हणजे महिन्याचा पहिला सोमवार, असं कुणालाही वाटेल. पण दोन्ही रकाने भरले की क्रॉन दोहोंपैकी एक जुळलं तरी काम चालवतो. म्हणजे १ ते ७ तारखेला रोज, शिवाय प्रत्येक सोमवारी. वाराच्या जागी तारा ठेवा आणि सोमवार आहे का ते स्क्रिप्टमध्येच तपासा.

आता लाइनचं. ६ वाजता मशीन बंद असेल तर ते मिनिट गेलं. क्रॉन नंतर भरपाई करत नाही. आपल्याकडे लोडशेडिंग धरूनच मांडणी करावी लागते. ‘*/१५ ६-११ * * १-६’ लावा. मेसेज यशस्वी गेला की स्क्रिप्टने आजची तारीख एका फाइलमध्ये लिहायची, आणि सुरू होताच ती फाइल बघून आजचं काम झालं असेल तर बाहेर पडायचं. लाइन ८ ला आली तरी भाव पोचतील, दुबार जाणार नाहीत. मशीन म्हणजे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, आणि तोही ४ किंवा त्याआधीचं मॉडेल असेल, तर त्यात बॅटरीवरचं घड्याळ नसतं. नेट जोडेपर्यंत ते मागची वेळ दाखवतं. तारीख लिहिण्याआधी वेळ जुळली का ते पाहा.

हेच भाड्याच्या सर्व्हरवर नेलं तर आधी त्याचं घड्याळ बघा. बरेच सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथे सकाळचे ६ म्हणजे ‘३० ० * * १-६’. पहाटे ४ चं काम असेल तर वारही एक दिवस मागे घ्यावा लागेल.

हाताने चालवल्यावर स्क्रिप्ट चालते आणि क्रॉनमधून नाही, असं झालं तर प्रोग्रामचा आणि फाइलचा पत्ता मुळापासून पूर्ण लिहा. क्रॉनला तुमच्या लॉगिनची सेटिंग मिळत नाही. ओळीत टक्क्याचं चिन्ह असेल तर त्याआधी बॅकस्लॅश द्या, नाही तर आदेश तिथेच तुटतो. आणि आउटपुट व एरर दोन्ही एका लॉग फाइलमध्ये वळवा.