मटकीला मोड का येत नाहीत?

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

तू दोन गोष्टी विचारल्यास: आपल्याकडे रोजच्या पानात उसळ कशाला लागते, आणि एडिंबरोच्या तुझ्या खोलीत मटकीला मोड येण्याऐवजी वास का येतो. वासाचं आधी सांगते, ते सुटलं की उसळ रोज होईल.

वास येतो तो साचलेल्या पाण्यामुळे. एक वाटी मटकी तीन-चार वेळा धुऊन चौपट पाण्यात आठ-दहा तास भिजव. त्याहून जास्त वेळ पाण्यात राहिली की ती आंबायला लागते. मग चाळणीत ओतून दहा मिनिटं निथळू दे. ही पायरी घाईत उरकली जाते, आणि तिथेच बिघडतं. निथळली की ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात सैलसर बांध. डब्यात घातलीस तर झाकण घट्ट लावू नकोस, मोडांना हवा लागते. पुण्यात उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात. तुझी खोली सोळा-सतरा अंशांवर असेल तर दीड-दोन दिवस धर. तेवढ्या वेळात सकाळ-संध्याकाळ पुरचुंडी सोडून मटकी गार पाण्याने धू आणि पुन्हा नीट निथळव. बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलीस तर लवकर येतात. फक्त दारावर चिठ्ठी चिकटव, नाहीतर कुणीतरी ओव्हन पेटवेल. दाणे बुळबुळीत झाले, आंबूस वास आला, तर सरळ टाकून दे. न भिजलेले टणक दाणे म्हणजे गणंग, ते शिजतही नाहीत, वेचून काढ. एका वाटीचे तीनेक वाट्या मोड होतात. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात.

कच्चे मोड सॅलडवर घालून खाऊ नकोस. ज्या ओलसर उबेत मोड येतात तिथेच जंतूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, ती मेथीच्या मोडांतून. आपण उसळ शिजवतो ते बरंच आहे.

दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, एक कांदा, मग मोड आणि अर्धी वाटी पाणी. कढईवर ताट ठेवून त्यात पाणी घाल आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजव. दाणा बोटाने दाबून बघ. मऊ झाला की मगच एक चमचा गोडा मसाला, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि दोन आमसुलं. आमसूल आधी पडलं तर आंबटपणामुळे दाणा कडकच राहतो, मग कितीही शिजव.

राजमा मात्र वेगळा. तो रात्रभर भिजवून पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा, मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. स्लो कुकरमध्ये नुसता मंद शिजवलास तर त्यातलं विषारी लेक्टिन जात नाही आणि उलट्या होतात.

आता 'कशाला' याचं उत्तर. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी लायसिन ज्वारी-गव्हात कमी आणि मिथिओनीन बऱ्यापैकी, कडधान्यात नेमकं उलटं. म्हणून भाकरी आणि उसळ मिळून प्रथिनं पुरी पडतात. मोड आल्यावर लोह अडवणारं फायटिक आम्ल कमी होतं, वरून लिंबू पिळलं की कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतलास तर तेच लोह अडतं. तासभर थांब. तुला मांसाहार नको आहे, म्हणून हे मी जास्त ठासून सांगते.

भाकरीचे तुकडे पडतात म्हणालीस. तिकडचं ज्वारीचं पीठ जुनं असतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. वाटीभर पिठात पाऊण वाटी उकळतं पाणी घालून झाक, पाच मिनिटांनी खूप मळ. तरी नाही जमलं तर पोळी कर, उसळ सोडू नकोस. कोशिंबिरीला मीठ मात्र पान वाढल्यावरच घाल, आधी घातलंस तर काकडीचं सगळं पाणी सुटतं.

चवळी-मूग मटकीपेक्षा सोपे. मूग उद्यापासून भिजव.

आई