वाचकांचे प्रश्न : जुन्या चर्चचे आजचे काम

प्रश्न : लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या जुन्या चर्चची छायाचित्रे पाहण्यात आली. तळघरात लोक निवांत चहा पीत बसलेले दिसले आणि ते मनाला खटकले. अशी वास्तू आता केवळ पर्यटकांपुरती उरली आहे, की आसपासच्या लोकांशी तिचे काही नाते अजून टिकून आहे?

उत्तर : आपल्याला खटकले यात नवल नाही, कारण त्या तळघरात पायांखाली थडग्यांचे जुने दगड आहेत आणि त्यांच्यावरच टेबल-खुर्च्या मांडलेल्या असतात. मात्र त्या उपाहारगृहाचा नफा चर्चच्याच कामी येतो, हे कळल्यावर आपले मत बदलेल असे वाटते.

सध्याची इमारत जेम्स गिब्ज यांच्या आराखड्यानुसार बांधली गेली आणि १७२६ मध्ये पूर्ण झाली. पण आपण ज्या नात्याविषयी विचारता, त्याला आजचे रूप आले ते १९१४ मध्ये डिक शेपर्ड तेथे धर्मगुरू म्हणून रुजू झाल्यानंतर. पहिले महायुद्ध नुकतेच पेटले होते, चेरिंग क्रॉस स्थानक हाकेच्या अंतरावर होते आणि फ्रान्सच्या आघाडीवर जाणारे-येणारे सैनिक तेथून ये-जा करीत; रात्री त्यांना टेकायला जागा नसे, म्हणून शेपर्ड यांनी चर्चचे दार रात्रीही उघडे ठेवले. युद्ध संपले तरी ते दार बेघरांसाठी उघडेच राहिले, आणि माझ्या मते या चर्चच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच तळघरात लोकांनी हवाई हल्ल्यांपासून आसरा घेतला.

आज चर्चशी जोडलेली एक स्वतंत्र संस्था रस्त्यावर राहणाऱ्यांना निवारा आणि पुन्हा स्वतःच्या पायांवर उभे राहण्यासाठी मदत मिळवून देते. याखेरीज बीबीसी रेडिओवरून दर नाताळला या चर्चतर्फे मदतीचे आवाहन केले जाते. ही प्रथा १९२७ पासून चालू आहे. त्यातल्या निधीतून देशभरातल्या अडचणीतल्या लोकांना छोट्या रकमा तातडीने दिल्या जातात. थकलेले भाडे वेळेवर भरले गेले, तर एखाद्या कुटुंबावर घराबाहेर पडण्याची पाळीच येत नाही. म्हणून रक्कम लहान असली तरी तिचे मोल फार आहे.

दर वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथे एक प्रार्थनासभा होते. लंडनमध्ये बेघर अवस्थेत मरण पावलेल्यांची नावे तीत एकेक करून मोठ्याने वाचली जातात. ज्यांचे नाव हयातीत कोणी विचारले नसेल, त्यांचेही नाव तेथे भरल्या सभेत उच्चारले जाते.

प्रश्न : मग जुन्या वास्तूच्या डागडुजीवर मोठा खर्च करण्याऐवजी तोच पैसा गरिबांना का देऊ नये?

उत्तर : हा प्रश्न रास्त आहे. या चर्चच्या नूतनीकरणाला सुमारे ३ कोटी ६० लाख पौंड लागले आणि ते काम २००८ मध्ये पूर्ण झाले. पण हा पैसा केवळ भिंती आणि छत सजवण्यात गेला नाही. जमिनीखालच्या जागा नव्याने बांधून काढल्या गेल्या, आणि बेघरांसाठीच्या कामाला तसेच तेथे नियमित जमणाऱ्या चिनी मंडळींना हक्काची जागा मिळाली. शिवाय याच इमारतीत वर्षभर संगीताचे कार्यक्रम होतात आणि त्यांच्या तिकिटांचे पैसेही चर्चच्या गंगाजळीत पडतात. इमारत मोडकळीस आली असती, तर तळघरातले उपाहारगृह आणि सभागृहातले संगीत दोन्ही बंद पडले असते, आणि त्यांच्यावर चालणाऱ्या कामाचा खर्च दुसऱ्या कोणाकडे मागावा लागला असता.