सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी घरचे म्हणतात मी नॉर्मल नाही. मग नॉर्मल म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलंय की वय एकतीस, लग्न करायची इच्छा नाही, चार लोकांत बसायला नको वाटतं, थकवा जात नाही. तालुक्याला जाऊन तपासण्या केल्या, त्या ‘नॉर्मल’ आल्या. आणि घरी मात्र ‘हा पोट्टा नॉर्मल नाही’ असा घोष चालू आहे. मी चंद्रपूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी रक्त तपासायची लॅब चालवतो. डॉक्टर नाही. पण दिवसभर लोकांच्या हातात नॉर्मलचे कागद देणारा माणूस आहे, तेव्हा आधी त्या कागदाचं सांगतो.

तुमच्या आकड्याशेजारी जी रेंज छापलेली असते ती बहुतेक वेळा अशी काढतात: पुष्कळशा धडधाकट माणसांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणायचं. खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के बाहेर. पण ते बाहेर गेलेलेही धडधाकटच होते ना! म्हणून एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा रेंजबाहेर जायची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास भरते. फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घ्यायचं आणि एका ठळक छापलेल्या आकड्यापायी झोप घालवायची, अशी मंडळी माझ्या बाकावर नेहमी असतात. धंदा माझाच आहे, तरी सांगतो. याच्या उलट, सगळे आकडे रेंजमध्ये असले तर जे तपासलं तेवढंच रेंजमध्ये आहे. जे तपासलंच नाही त्याबद्दल कागद मुका असतो.

आता दुसरी बाजू. कापूस वेचणीच्या दिवसांत एखादी काकू येते, हिमोग्लोबिन ८.५. मी म्हणतो, काकू, रक्त फार कमी आहे. त्यावर ठरलेलं उत्तर, ‘असू दे ना बाप्पा, आमच्याकडं सगळ्याच बायाईचं असंच असते. मी तं रोज वावरात जातो.’ ती खोटं बोलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे अर्ध्याहून जास्त. आमच्या गावातल्या बायकांचंच रक्त घेऊन मधले ९५ टक्के काढले असते, तर साडेआठ आरामात नॉर्मल ठरलं असतं. जिना चढताना धाप लागणं, खाली बसून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, हेही मग नॉर्मलच. म्हणून गरोदर नसलेल्या बाईसाठी १२ ची रेघ आहे ती गावाच्या सरासरीवरून ओढलेली नाही, शरीरात लोह पुरेसं असलेल्या निरोगी बायकांवरून ओढलेली आहे.

याचा सगळ्यात मोठा पुरावा आमच्या शेजारच्या जिल्ह्यातलाच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, ती १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक संबंधांतून होणारा आजार निघाला, एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, ‘बाईच्या जातीले असतेच.’ शंभरातल्या ब्याण्णव जणींना आहे म्हटल्यावर सांगायचं कोणाला आणि कशाला?

खर्र्याचंही, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचंही, तेच. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा तोंडात नाही असा पोरगाच आमच्याकडे वेगळा दिसतो. त्यातल्या एखाद्याला तोंड उघडून स्वतःचीच तीन बोटं उभी आत घालायला सांगा. दोनच जातात, कधी दीड. गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ झालेली असते. पुढे कॅन्सरकडे जाऊ शकणारं दुखणं आहे हे. पण त्याला त्रास काय, तर म्हणे ‘तिखट लागते जरा’.

म्हणजे सगळ्यांना आहे म्हणून ते ठीक, असं नाही. आणि थोड्यांना आहे म्हणून ते वाईट, असंही नाही. सिकलसेलचं बघा, आईबापांकडून लेकरांत येणारा रक्ताचा आजार आहे हा. नळीत द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, मागे काळ्या रेघांचा कागद. थोड्या वेळाने रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पॉझिटिव्ह. मग वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला) की रुग्ण (दोघांकडून आलेला) हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासण्या कराव्या लागतात. वाहक, म्हणजे एएस, निघालेली मुलगी बहुतेक वेळा जन्मभर तुमच्या-माझ्याइतकीच धडधाकट असते. उलट फॅल्सिपेरम मलेरियाच्या मुलखात लहानपणी अशीच लेकरं तगायची शक्यता जास्त. आमच्या जंगलपट्टीत हा गुण टिकला त्याचं एक कारण ते. बघायचं एवढंच की नवरा-बायको दोघंही वाहक असले तर दर गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून दोघांनीही तपासावं. होतं काय, तर मुलीच्या कागदावर एएस दिसलं की सोयरीक मोडते, आणि मुलाला तपासायला कोणी आणतच नाही.

तुमच्या घरच्यांकडे जी रेंज आहे ती याच जातीची. आमच्या गावात रोज ‘घेऊन’ येणारा, बायकोवर हात टाकणारा माणूस नॉर्मल. ‘घेते थोडीशी, पण माणूस चांगला आहे.’ आणि संध्याकाळी पारावर न बसता घरात एकटा वाचत बसणारा मास्तर मात्र सटकलेला. असल्या याद्या शहाण्यासुरत्या लोकांच्याही चुकतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या यादीत समलैंगिकता हा आजार होता, तो १९७३ मध्ये काढला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये काढला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, सज्ञानांच्या संमतीने असलेले असे संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं. हे तुमच्याबद्दल म्हणत नाही, तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. लग्न न करणं कोणत्याच यादीत आजार नाही, एवढं खात्रीने सांगतो. आईला ते पटायला वेळ लागेल; तिला तिच्या मैत्रिणींना उत्तर द्यायचं असतं.

पण थकव्याला मात्र मी ‘स्वभाव’ म्हणून सोडणार नाही. गर्दी तुम्हाला आधीपासूनच नको वाटायची की अलीकडे नको वाटायला लागली, हे आधी ठरवा. आधीपासून असेल तर तो तुमचा पिंड. पूर्वी क्रिकेट खेळत होता, मित्रांत जात होता आणि आता कशातच मन लागत नाही, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि ते कुठल्याच सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, दिसत नाही. त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. तिथं जायचा धीर होत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

रक्ताचं म्हणाल तर तुमच्या यादीत हिमोग्लोबिन, साखर, लिव्हर, किडनी दिसतं. फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ हे जीवनसत्त्व दिसत नाही. हिमोग्लोबिन रेंजमध्ये असूनही साठ्यातलं लोह संपत आलेलं असू शकतं, ते फेरिटिनमध्ये कळतं. डॉक्टरांना विचारून एवढ्या तीनच करा, पुन्हा पॅकेज घेऊ नका. जुना रिपोर्ट सापडला तर सोबत न्या. वर्षभरापूर्वी हिमोग्लोबिन १६ होतं आणि आता १३.२ असेल, तर कागदावर दोन्ही नॉर्मलच छापलेलं दिसेल, पण डॉक्टर त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील.

आणि झोपेचं काहीच लिहिलं नाही तुम्ही. किती वाजता झोपता, घोरता का, उठल्यावर ताजं वाटतं का, ते खाली लिहा, म्हणजे पुढचं बोलता येईल.