रात्री अभ्यास संपवून आडवं झालं की छातीत जळजळ होते, झोप मोडते. काय करावं?

जेवण आणि झोप यांत किमान 3 तास ठेवा. परीक्षेच्या दिवसांत बहुतेकांचं इथंच बिनसतं. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणंही फार कमी होतं, त्यामुळे वर आलेलं आम्ल अन्ननलिकेत रेंगाळतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंमी उंचीचे भक्कम ठोकळे घाला. बंक बेड असेल तर ठोकळे नकोतच, गादीवर उतरता फोम ठेवा. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. अपुऱ्या झोपेने अन्ननलिका हळवी होते, तेवढंच आम्ल जास्त जाळतं. म्हणून जागरण कमी करणं हाही उपचारच. आठवड्यातून दोनदा त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. घास अडकणं, काळी शौच किंवा विनाकारण वजन घटणं दिसलं तर लगेच जा.