सरकारी इस्पितळात नर्सच बाळंतपण करते म्हणतात, ते सुरक्षित असतं का?

करते की. आणि बहुतेक वेळा नीटच करते. मी नोकरीभर लेबर रूममध्येच होते, आता निवृत्त आहे. तेव्हा हे उत्तर तटस्थ नाही, हे धरून वाचा.

तुम्ही डिचोलीच्या, दुसरी खेप, आणि घरचे म्हणतात म्हापशाला सरकारीत नको, खासगीत डॉक्टर स्वतः असतात. असतात, पण कधी? बाळाचं डोकं दिसायला लागल्यावर. त्याआधी कित्येक तास कळा चाललेल्या असतात, तेव्हा दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके कोण ऐकतं? खासगीतसुद्धा सिस्टरच. ती शिकलेली आहे का, हे मात्र तिथं कुणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणाला कुशल हात म्हणते त्यात डॉक्टर, नर्स, मिडवाईफ (प्रशिक्षित सुईण) तिघंही येतात. मेहरबानी म्हणून नव्हे, तसं शिक्षण असतं.

माझ्या धाकट्या जावेचं बाळंतपण माझ्याच सरकारी आरोग्य केंद्रात झालं. भावोजींच्या ते मनात नव्हतं. ‘वहिनी, तुम्ही शेवटी डॉक्टरांच्या हाताखालच्या,’ असं तोंडावर बोलले. मुलगी झाली, लगेच रडली, आईच्या छातीवर ठेवली. मिनिटाच्या आत जावेच्या मांडीत ऑक्सिटोसिनची (गर्भाशय आकसवणाऱ्या औषधाची) १० युनिटं दिली, नाळ घाई न करता कापली, वार अख्खी पडली. बाहेर पेढे सुरू झाले. मी दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून बघत होते, कारण बाळंतीण दगावते ती बऱ्याचदा मूल झाल्यावर, रक्तस्रावानं. गर्भाशय आकसून नारळासारखं टणक लागायला हवं. एकदा बघते तर ते हाताला लागेचना. चादर उचलली तर खाली रक्ताचं थारोळं. जाऊ म्हणत होती, झोप येतेय. दुसऱ्या सिस्टरला हाक मारली. मी पोट चोळत राहिले, तिनं सलाईन लावून त्यात ऑक्सिटोसिन सोडलं, लघवीची नळी घातली (मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशय आकसत नाही), डॉक्टरांना आणि १०८ ला फोन केला. डॉक्टर पोचले तोवर गर्भाशय घट्ट झालं होतं. त्यांनी कुठं फाटलंय का ते तपासलं आणि भावोजींना स्वतः सांगितलं की हे सिस्टरांनी सांभाळलं. पेढ्यांचा पुडा डॉक्टरांना गेला. भावोजी अजून चतुर्थीला सगळ्यांदेखत सांगतात, डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचली.

म्हणून म्हणते, पाटीवरच्या डिग्र्या मोजत बसू नका. रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये प्रशिक्षित सिस्टर कोण असते, पार्टोग्राफ (कळा कशा पुढे सरकतात त्याचा तक्ता) भरतात का, बाळ रडलं नाही तर अंबू बॅग (श्वास द्यायची हातानं दाबायची पिशवी) हाताशी असते का, रक्त कुठून आणि किती वेळात येतं, हे विचारा. जिथं या प्रश्नांचा राग येतो तिथं जाऊ नका, मग ते खासगी असो की सरकारी.

आणि भावोजींसारख्यांसाठी एक आकडा. गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं इस्पितळातच होतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातली ३९ सिझरची निघाली. लोकसंख्येत सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं तरी त्यामुळे माता-बाळांचे मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय. म्हणजे डॉक्टर आणि ऑपरेशन थिएटर आपल्याकडे भरपूर वापरलं जातंय. कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी धीरानं बसणाऱ्या बायका मात्र कमी आहेत. केंद्र सरकारनं मिडवाईफ घडवायची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ साली काढली, तीही याचसाठी.

खर्चाचं विचारलंत. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी इस्पितळात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

हे सगळं बिनजोखमीच्या बाळंतपणाचं. बीपी वाढलेलं असेल, जुळं असेल, बाळ पायाळू असेल, हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल किंवा पहिलं सिझर असेल, तर माझं वरचं भाषण विसरा आणि म्हापशाचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आधीच ठरवून ठेवा. पहिली खेप कशी झाली ते तुम्ही लिहिलंच नाही. तेव्हाची फाईल घेऊनच तपासणीला जा. त्या वेळी रक्त जास्त गेलं असेल तर या वेळीही जायची शक्यता जास्त असते, आणि ते सिस्टरांना आधी कळलेलं बरं.